मूल मेंदूमृत झाले असे सांगितले जाते तेव्हा : कागद सांभाळणाऱ्या नातेवाइकासाठी

तेरा वर्षांची जहाय मॅकमॅथ ९ डिसेंबर २०१३ रोजी कॅलिफोर्नियातील ओकलंड येथील मुलांच्या रुग्णालयात दाखल झाली, ती झोपेत श्वास अडकतो या तक्रारीसाठी. टॉन्सिल, ॲडिनॉइड आणि घशातील व नाकातील काही भाग काढण्याची शस्त्रक्रिया झाली, ती शुद्धीवर आली, आणि काही तासांतच अतिदक्षता विभागात रक्तस्राव सुरू होऊन पुढे तिचे हृदय बंद पडले. ते पुन्हा सुरू करण्यात आले. परंतु १२ डिसेंबरला डॉक्टरांनी ती मेंदूमृत झाल्याचे घोषित केले. आईने हे मान्य केले नाही. त्यानंतर साडेचार वर्षे ही मुलगी कॅलिफोर्नियाच्या नोंदीत मृत आणि न्यूजर्सीच्या कायद्यात जिवंत अशा अवस्थेत राहिली, आणि २२ जून २०१८ रोजी न्यूजर्सीत तिचे निधन झाल्यावर तेथे तिच्या मृत्यूचा दुसरा दाखला निघाला.

ओकलंड ज्या अलमेडा काउंटीत आहे, त्याच काउंटीत फ्रीमाँट आहे, जेथे अनेक मराठी कुटुंबे राहतात. न्यूजर्सीतही मराठी माणसांची मोठी वस्ती आहे. असा प्रसंग कोणावरही येऊ नये. पण आलाच, तर आई-वडील मुलाच्या उशाशी असतात आणि बाहेर डॉक्टरांशी बोलणे, कागद मागणे, पुण्या-नागपूरहून येणारे फोन घेणे हे सारे मामावर, आत्यावर किंवा जवळच्या मित्रावर येते. ओकलंडमध्येही कुटुंबाच्या वतीने बोलण्याचे काम बहुतांशी मुलीच्या मामानेच केले. हे मार्गदर्शन त्या नातेवाइकासाठी आहे.

पहिले काम : तीन प्रश्न वेगळे करणे

एक साधी वही घ्या आणि तिचे तीन भाग करा. पहिल्या भागात एकच प्रश्न राहील : मूल वैद्यकीय आणि कायदेशीर दृष्टीने मृत आहे का, आणि हे कशावरून ठरवले. दुसऱ्या भागात : शस्त्रक्रियेत किंवा त्यानंतरच्या देखभालीत काही चुकले का. तिसऱ्या भागात : व्हेंटिलेटर केव्हा बंद होणार आणि तोपर्यंत आपल्याला किती वेळ व कोणती मुभा आहे. प्रत्येक बैठकीनंतर तारीख, वेळ, बोलणाऱ्याचे नाव आणि हुद्दा लिहून, कोणते उत्तर कोणत्या भागात जाते ते ठरवा.

या विभागणीचा माझा आग्रह ओकलंडच्या प्रकरणावरूनच आहे. रक्तस्रावाकडे वेळीच लक्ष दिले गेले नाही, अशी त्या कुटुंबाची तक्रार होती. मुलीची आजी स्वतः परिचारिका होती, त्यामुळे घरच्यांना समोर काय चालले आहे ते कळत होते. आपण कृष्णवर्णीय नसतो तर आपले म्हणणे अधिक ऐकले गेले असते, असेही त्यांना वाटत होते. ज्यांच्यावरचा विश्वास मंगळवारी उडाला, त्यांनीच गुरुवारी ‘तुमची मुलगी गेली’ असे सांगितले, तर ते कोणत्या आईला पटेल? त्यांचा वाद मेंदूच्या तपासणीपासून सुरू झाला असे मला वाटत नाही; तो त्याआधी, रक्त पुसणाऱ्या त्या रात्री सुरू झाला. म्हणून दुसऱ्या प्रश्नाचा राग खरा असला, न्याय्य असला, तरी त्याच्यावरून पहिल्या प्रश्नाचे उत्तर ठरवू नये, आणि पहिल्या प्रश्नाचे उत्तर स्वीकारले म्हणजे दुसरा प्रश्न सोडून दिला असेही मानू नये.

तपासणी कशी होते, आणि काय विचारावे

मेंदूमृत्यू हा कोमा नव्हे. कोमातील माणसाच्या मेंदूचा काही भाग काम करत असतो. मेंदूमृत्यूत मेंदूस्तंभासह, म्हणजे श्वास चालवणाऱ्या मेंदूच्या तळच्या भागासह, संपूर्ण मेंदूचे कार्य कायमचे थांबलेले असते. हृदयाला स्वतःची विद्युत् यंत्रणा असल्यामुळे व्हेंटिलेटरने प्राणवायू मिळत राहिला तर ते धडधडत राहते, त्वचा उबदार राहते, छाती वरखाली होते. घरच्यांना सर्वाधिक छळणारी गोष्ट हीच असते. अमेरिकेत राज्यांनी स्वीकारावा म्हणून तयार केलेल्या १९८१ च्या नमुना कायद्यानुसार रक्ताभिसरण व श्वसन कायमचे थांबणे किंवा संपूर्ण मेंदूचे कार्य कायमचे थांबणे, या दोहोंपैकी कोणतेही एक म्हणजे कायद्याने मृत्यू होय. कॅलिफोर्नियाने तो स्वीकारला आहे, आणि मेंदूच्या निकषावर मृत्यू घोषित करताना दुसऱ्या डॉक्टरने स्वतंत्रपणे खात्री करणे तेथील कायद्याने बंधनकारक आहे.

मुलांसाठीच्या अमेरिकी मार्गदर्शक तत्त्वांनुसार दोन वेगवेगळ्या डॉक्टरांनी दोन स्वतंत्र तपासण्या करायच्या असतात आणि त्यांच्यात किमान बारा तासांचे अंतर असावे लागते. एक महिन्यापेक्षा लहान बाळासाठी २०११ च्या तत्त्वांत हे अंतर चोवीस तासांचे आहे. बुबुळांवर प्रकाश टाकणे, डोळ्याला कापसाचा स्पर्श करणे, कानात बर्फाचे पाणी सोडून डोळे हलतात का ते पाहणे, घशात नळी घालून खोकला येतो का ते तपासणे, वेदनेला प्रतिसाद पाहणे हे सारे त्यात येते. सर्वांत महत्त्वाची ती श्वासाची चाचणी : प्राणवायू देत ठेवून व्हेंटिलेटरचे श्वास काही मिनिटे थांबवतात आणि रक्तातील कार्बन डायऑक्साइड ठरावीक पातळीपर्यंत, म्हणजे किमान ६० मिलिमीटर पाऱ्यापर्यंत आणि मूळ पातळीपेक्षा किमान २० ने, वाढू देतात. निरोगी मेंदूस्तंभ एवढ्या पातळीला गप्प बसू शकत नाही. एकही श्वास आला तर मूल मेंदूमृत नाही.

शस्त्रक्रियेनंतरच्या प्रसंगात एक प्रश्न इतर सर्व प्रश्नांच्या आधी विचारला पाहिजे, आणि तो लेखी विचारावा : भुलीचे, झोपेचे, वेदनाशामक आणि स्नायू शिथिल करणारे शेवटचे औषध कोणते दिले, किती वाजता, किती मात्रेत, आणि ते शरीरातून पूर्ण उतरले आहे हे कशावरून ठरवले? ही औषधे मेंदूमृत्यूसारखेच चित्र उभे करू शकतात. मूत्रपिंड किंवा यकृत नीट चालत नसेल, किंवा हृदय बंद पडल्यानंतर शरीर मुद्दाम थंड ठेवले असेल, तर ती उतरायला नेहमीपेक्षा जास्त वेळ लागतो. त्याच दमात तपासणीच्या वेळचे शरीराचे तापमान, रक्तदाब आणि सोडियमसारख्या क्षारांची पातळी विचारावी. हृदय बंद पडून पुन्हा सुरू झाले असेल, तर त्यानंतर किती तासांनी पहिली तपासणी केली हेही विचारावे. घाई करू नये, किमान एक दिवस थांबावे, हेच तज्ज्ञांचे म्हणणे आहे. चांगला डॉक्टर या प्रश्नांनी दुखावत नाही, कारण हे प्रश्न त्याने स्वतःला आधीच विचारलेले असतात.

तपासणीच्या वेळी उपस्थित राहता येईल का, हे आवर्जून विचारा. अनेक रुग्णालये परवानगी देतात. आई-वडिलांना ते पाहणे झेपेलच असे नाही, पण घरातील एका माणसाने श्वासाच्या चाचणीच्या त्या मिनिटांत मुलाच्या छातीकडे स्वतःच्या डोळ्यांनी पाहिले, तर पुढच्या अनेक रात्रींचा संशय कमी होतो. चाचणी पूर्ण करता आली नाही, तर मेंदूतील रक्तप्रवाहाची तपासणी होते. तिचा अहवाल मागून घ्या.

हात किंवा पाय हलला, तर काय करावे? मज्जारज्जूच्या प्रतिक्षिप्त क्रिया मेंदूमृत्यूनंतरही होऊ शकतात, कधीकधी हात छातीपर्यंत उचललाही जातो, आणि पाहणाऱ्याच्या काळजाचे पाणी होते. हालचाल दिसली की वेळ लिहा, शक्य असेल तर चित्रण करा, ताबडतोब नर्सला बोलवा आणि तपासणी करणाऱ्या डॉक्टरने ती पाहावी असा आग्रह धरा. ते चित्रण समाजमाध्यमांवर टाकू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. तेथे आलेली हजारो मते मुलाविषयी काही सांगत नाहीत, आणि घरच्यांना पुन्हा माघारी फिरणे मात्र अशक्य करून ठेवतात.

बोलणी

रुग्णालयाला सांगा की कुटुंबाशी बोलणारा डॉक्टर शक्यतो एकच असावा आणि बैठकीची वेळ आधी ठरावी. सामाजिक कार्यकर्ती, धर्मगुरू किंवा समुपदेशक, आणि रुग्णालयाची नीतिविषयक समिती यांची मदत मागण्याचा हक्क आहे. समितीचा निर्णय बंधनकारक नसतो, पण तिच्यासमोर म्हणणे मांडले की ते नोंदवले जाते. आजी-आजोबा भारतातून आले असतील आणि इंग्रजी समजत नसेल, तर मराठीचा दुभाषी मागा. घरच्याच मुलाला, विशेषतः मोठ्या भावंडाला, हे शब्द मराठीत करून सांगायला लावू नका.

‘लाइफ सपोर्ट’ हा शब्द डॉक्टरही सवयीने वापरतात, आणि तेथेच गोंधळ होतो. आयुष्याला आधार म्हणजे आयुष्य आहे, असे कोणालाही वाटणारच. असा शब्द आला की थांबवून विचारा : तुम्ही मृत्यू घोषित केला आहे का? केला असेल तर किती वाजता? नसेल तर सध्याची स्थिती नेमकी काय?

अवयवदानाचा विषय निघेल. मृत्यू ठरवणाऱ्या डॉक्टरांनी प्रत्यारोपणात भाग घेता कामा नये, असे कॅलिफोर्नियाचा कायदा सांगतो, आणि दानाविषयीची बोलणी साधारणपणे वेगळ्या संस्थेचे लोक करतात. ‘आम्ही आत्ता या विषयावर बोलणार नाही’ एवढे सांगणे पुरेसे आहे. ज्यांना दान करायचे आहे त्यांनी मात्र लवकर सांगावे, कारण कोरोनरची, म्हणजे अचानक किंवा संशयास्पद मृत्यूंची चौकशी करणाऱ्या सरकारी अधिकाऱ्याची, परवानगीही लागू शकते.

वेळ मागणे

भारतातील नातेवाईक फोनवर सांगतील की इकडे घरच्यांना विचारल्याशिवाय व्हेंटिलेटर काढत नाहीत. ते त्यांच्या अनुभवाने खरे बोलत असतात. भारतात मेंदूस्तंभाच्या मृत्यूची व्याख्या १९९४ च्या मानवी अवयव प्रत्यारोपण कायद्यात आहे. चार डॉक्टरांचे मंडळ किमान सहा तासांच्या अंतराने दोनदा तपासणी करून दहा क्रमांकाच्या नमुन्यात प्रमाणपत्र देते, आणि हे सारे अवयवदानाच्या संदर्भात बांधलेले आहे. कुटुंबाने दान नाकारले तर पुढे काय, याची स्पष्ट तरतूद त्या कायद्यात नाही. म्हणून बहुतेक ठिकाणी घरच्यांच्या कलाने घेतले जाते. कॅलिफोर्नियात तसे नाही. तेथे घोषणा झाली की मूल कायद्याने मृत असते आणि यंत्र बंद करण्यासाठी आई-वडिलांची संमती मागितली जात नाही. हा फरक पहिल्याच दिवशी दोन्हीकडच्या माणसांना समजावून सांगा; नाहीतर फोनवरचा सल्ला आणि समोरची परिस्थिती यांच्यात आई-वडील भरडले जातात.

मात्र कॅलिफोर्नियाच्या आरोग्य कायद्यात २००९ पासून एक तरतूद आहे, आणि ती पुष्कळांना ठाऊक नसते. मेंदूमृत्यूच्या घोषणेनंतर कुटुंबाला मुलाजवळ जमता यावे म्हणून रुग्णालयाने ‘वाजवी, थोडा’ काळ दिला पाहिजे, आणि त्या काळात आधीपासून सुरू असलेला श्वसनाचा व रक्ताभिसरणाचा आधार चालू ठेवला पाहिजे. नवीन उपचार करण्याचे बंधन नाही. या धोरणाची लेखी प्रत मागता येते, आणि धार्मिक किंवा सांस्कृतिक कारण सांगितले तर त्याची सोय करण्याचा वाजवी प्रयत्न रुग्णालयाने करायचा असतो. किती तास हे कायदा सांगत नाही. म्हणून मागणी मोघम न ठेवता नेमकी लिहा : मुंबईहून आजी अमुक विमानाने अमुक वेळी पोहोचत आहेत, तोपर्यंत आधार चालू ठेवावा. तिकिटाची प्रत जोडा. अशी विनंती नाकारणे कोणत्याही रुग्णालयाला जड जाते.

न्यूजर्सीत १९९१ च्या कायद्याने याहून पुढचा हक्क दिलेला आहे : मेंदूच्या निकषावरील मृत्यू रुग्णाच्या धार्मिक श्रद्धेविरुद्ध असेल, तर त्या निकषावर मृत्यू घोषित करता येत नाही. जहायला तेथेच नेले ते या तरतुदीमुळे.

न्यायालय

निदानाविषयी खरी शंका उरली असेल, तर प्रथम रुग्णालयाकडेच बाहेरच्या तज्ज्ञाची तपासणी मागा आणि नकार मिळाला तर तो लेखी घ्या. ओकलंडच्या कुटुंबाने २० डिसेंबर २०१३ रोजी न्यायालयाकडून तात्पुरता मनाई हुकूम मिळवला. न्यायाधीश इव्हेलिओ ग्रिलो यांनी स्टॅनफर्ड विद्यापीठातील बालमेंदूरोगतज्ज्ञ पॉल फिशर यांना स्वतंत्र तपासणीसाठी नेमले. त्यांना कोणताही प्रतिसाद, स्वतःचा श्वास, मेंदूची विद्युत् क्रिया किंवा मेंदूतील रक्तप्रवाह आढळला नाही, आणि २४ डिसेंबरला न्यायालयाने मुलगी कायद्याने मृत असल्याचा निर्णय दिला. तरीही कुटुंबाला पुढे दाद मागता यावी म्हणून व्हेंटिलेटर चालू ठेवण्याची मुदत ३० डिसेंबरपर्यंत आणि नंतर ७ जानेवारीपर्यंत वाढली. या क्रमावरून एक धडा घ्यावा : न्यायालय स्वतंत्र डोळे आणि थोडे दिवस देऊ शकते, तपासणीचा निष्कर्ष तोच आला तर न्यायालय त्याच्या पलीकडे सहसा जात नाही. त्याला अपवाद म्हणावे असे उदाहरण नेवाडात आहे, जेथे २०१५ मध्ये शस्त्रक्रियेनंतर मेंदूमृत ठरवलेल्या एका विद्यार्थिनीच्या प्रकरणी राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने वापरलेले निकष कायद्याला पुरेसे आहेत का, असा प्रश्न विचारला. पुढे २०१७ मध्ये नेवाडाने कायद्यातच ते निकष नमूद केले.

दुसरीकडे हलवायचे असेल, तर स्वीकारणारी संस्था लेखी हवी, वैद्यकीय विमान हवे, आणि श्वासासाठी गळ्यात व अन्नासाठी पोटात नळी बसवावी लागते. ओकलंडच्या रुग्णालयाने ही शस्त्रक्रिया करण्यास नकार दिला, कारण त्यांच्या मते तो मृतदेह होता. ३ जानेवारी २०१४ रोजी कोरोनरने १२ डिसेंबर ही तारीख घालून मृत्यूचा दाखला दिला, आणि ५ जानेवारीला कोरोनरमार्फतच मुलगी आईच्या स्वाधीन झाली. ज्याच्या नावे मृत्यूचा दाखला आहे त्याचा खर्च विमा कंपनीने उचलावा अशी अपेक्षा धरता येत नाही, हे हिशेबात धरा.

यापुढचे लिहिताना मी जपून लिहितो. न्यूजर्सीत त्या मुलीचे शरीर टिकले, वाढले, तिला पाळी आली. ॲलन श्यूमन या मेंदूरोगतज्ज्ञाने चित्रफितींवरून ती काही वेळा सूचनांना प्रतिसाद देते असे मत मांडले, तर फिशर यांनी असे पुरावे मेंदूमृत्यूचे मान्य निकष बदलत नाहीत असे सांगितले. तज्ज्ञांमध्ये हा वाद आहे हे लपवणे बरोबर नाही. पण ती पुन्हा स्वतः श्वास घेऊ लागली नाही, बोलली नाही, आणि तिची आई घरदार सोडून साडेचार वर्षे तिच्या उशाशी राहिली. आई-वडिलांनी आशा धरावी की नाही हे नातेवाइकाने ठरवू नये; आशेची किंमत काय असते ती मात्र त्यांना खरी सांगावी.

शस्त्रक्रियेत काय झाले, हे शोधताना

वहीच्या दुसऱ्या भागाचे काम शांतपणे, पण लगेच सुरू करा. कॅलिफोर्नियात लेखी अर्ज केल्यावर पाच कामाच्या दिवसांत नोंदी पाहू द्याव्या लागतात आणि पंधरा दिवसांत प्रती द्याव्या लागतात. नुसता ‘संपूर्ण अहवाल’ मागू नका. शस्त्रक्रियेची टिपणी, भुलीचा तक्ता, परिचारिकांच्या तासागणिक नोंदी, रक्तस्रावाचे मोजमाप, हृदय बंद पडल्यावरच्या प्रयत्नांची नोंद, आणि संगणकातील नोंदी कोणी केव्हा भरल्या वा बदलल्या याचा तपशील, असे एकेक नाव लिहा. भारतात वैद्यकीय परिषदेच्या २००२ च्या नियमांनुसार मागणीनंतर ७२ तासांत नोंदी द्यायच्या असतात.

शवविच्छेदनाचा निर्णय मन मानत नसले तरी आधी करा. अंत्यसंस्कारानंतर रक्तस्राव कोठून झाला हे कळण्याचा मार्ग उरत नाही. शस्त्रक्रियेशी संबंधित मृत्यू कोरोनरला कळवला जातो. त्याने शवविच्छेदन केले नाही तर खासगी तज्ज्ञाकडून करून घेता येते.

दाव्यासाठी वेगळा वकील पाहा. कॅलिफोर्नियात वैद्यकीय दावा दाखल करण्यापूर्वी नव्वद दिवसांची लेखी सूचना द्यावी लागते आणि एकंदर मुदत थोडी असते, म्हणून पहिल्या काही आठवड्यांतच सल्ला घ्या. वेदना व दुःखाच्या भरपाईवर तेथे १९७५ पासून अडीच लाख डॉलरची मर्यादा होती. जानेवारी २०२३ पासून मृत्यूच्या प्रकरणी ती पाच लाख झाली आणि दरवर्षी वाढत आहे. जिवंत रुग्णाच्या पुढील देखभालीच्या खर्चाला अशी मर्यादा नाही. त्यामुळे रुग्णालयाला मूल मृत ठरलेले स्वस्त पडते, असा संशय कुटुंबाला येतो, आणि कुटुंब पैशासाठी ताणते आहे, असे बाहेरचे बोलतात. दोन्ही बोलणी मुलाच्या खाटेपासून दूर ठेवा.

निरोपाची वेळ

वेळ ठरली की नर्सला आधी सांगा की तुम्हाला काय करायचे आहे. श्वासनलिकेत नळी असताना तोंडात गंगाजळ घालता येत नाही, पण ओठांना बोट लावता येते आणि तुळशीचे पान ओठांवर ठेवता येते. केस कापून ठेवणे, हातापायाचे ठसे घेणे यांत परिचारिका स्वतःहून मदत करतात. प्रकरण कोरोनरकडे जाणार असेल, तर नळ्या तशाच ठेवाव्या लागतात आणि अंघोळ घालता येईल की नाही हे त्यांच्या कार्यालयाला विचारावे लागते. लहान भावंडांना आत आणायचे असेल, तर आधी त्यांना नळ्यांचे आणि आवाजांचे वर्णन करून सांगा, आणि ‘झोपला आहे’ असे म्हणू नका.

दाखल्यावर मृत्यूची तारीख व वेळ ही मेंदूमृत्यूच्या घोषणेची असते, हृदय थांबल्याची नव्हे, आणि दोहोंमध्ये कित्येक दिवसांचे अंतर असू शकते. हे पाहून घरचे पुन्हा हादरतात, म्हणून दाखला हाती येण्यापूर्वीच त्यांना सांगून ठेवा. दाखल्यावरील तारीख बदलून घेण्यासाठी धावपळ करण्याचे कारण नाही. वर्षश्राद्धाची तिथी कोणत्या दिवसाची धरायची, हे आई-वडिलांनी ठरवावे आणि गुरुजींना तसे सांगावे.